एकच प्लग काळा आणि ओला: जुन्या पेट्रोल-सीएनजी गाडीचे स्पार्क प्लग कसे तपासावेत

प्रश्न परभणीहून आलेला आहे. २०१३ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १२ पासिंग, मीटरवर ८६ हजार किलोमीटर, पहिल्या मालकाने नंतर बसवलेलं सीक्वेन्शियल सीएनजी किट. चौथ्या गिअरमध्ये एसी चालू असताना चढावर गाडी झटके देते आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०३ हा कोड येतो. मिस्त्रींनी प्लग काढले तेव्हा १, २ आणि ४ नंबरचे फिकट राखाडी निघाले, ३ नंबरचा काळा आणि ओला. शिवाय दोन प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर तपकिरी कडं दिसलं. मिस्त्रींचं मत असं की कडं म्हणजे कॉम्प्रेशन लीक, ओला प्लग म्हणजे रिंगा गेल्या, त्यामुळे हेड खोलावं लागेल.

एवढ्या पुराव्यावर हेड खोलू नका. त्या तपकिरी कड्याचा कॉम्प्रेशनशी संबंध नसतो, आणि प्लग कशाने ओला झाला हे ठरवल्याशिवाय रिंगांना दोष देता येत नाही. प्लग तपासताना सगळ्यात जास्त माहिती चार प्लग शेजारी ठेवून मिळते. चारही सारखेच बिघडले असतील तर दोष चौघांना सामायिक असलेल्या गोष्टीत असतो: इंधन, हवा, तापमान, किंवा प्लगची चुकीची निवड. एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता: त्याची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी), त्याचा इंजेक्टर, त्याचे व्हॉल्व्ह, त्याच्या रिंगा. तुमच्या गाडीत तीन प्लग सारखे आणि एक वेगळा आहे, म्हणजे शोधाची जागा आधीच लहान झाली आहे.

पी०३०३ म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजेच मिसिंग: तिथलं इंधन नीट पेटत नाही. पी०३०० असता तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही, असा अर्थ झाला असता. सिलिंडरचे नंबर टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात, गिअरबॉक्सकडून नव्हे. ही गल्लत गॅरेजमध्ये बऱ्याचदा होते आणि चांगल्या सिलिंडरचे भाग बदलले जातात. दिवा नुसता पेटून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जात असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळू शकतो. त्या वेळी पाय सैल करा आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडीवर लोड टाकू नका.

प्लगला पाना लावण्याआधी

एकदा प्लग काढून पुसले की पुरावा गेला. म्हणून आधी गाडी बोलती असतानाच काही गोष्टी पाहून घ्या.

पहिली गोष्ट इंधनाची. तोच चढ, तोच गिअर, तोच एसी ठेवून एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर गाडी चालवा. झटके फक्त गॅसवर येत असतील तर संशय स्पार्कवर घ्या: वाढलेला गॅप (प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर), थकलेली कॉइल, तडकलेली चिनीमाती. हवा आणि सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि व्होल्टेजची गरज आणखी चढते. म्हणून पेट्रोलवर कशीबशी निभावणारी कॉइल गॅसवर, चढाला, नेमकी उघडी पडते. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर पाहा. वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्टर वापराविना चिकटतात. फक्त गॅसवर आणि फक्त एकाच सिलिंडरला त्रास असेल, तर गॅस रेलवरचा त्या सिलिंडरचा इंजेक्टरही यादीत घ्या. दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास असेल तर प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन.

दुसरी गोष्ट कॉइलची अदलाबदल. तीन नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची तीनवर बसवा, कोड पुसा, गाडी पुन्हा त्याच चढावर न्या. पी०३०२ आला तर कॉइल खराब, कारण दोष कॉइलबरोबर हलला. पी०३०३ तसाच राहिला तर कॉइल सुटली. मग प्लगची तशीच अदलाबदल करा. त्यानेही दोष हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. या चाचणीला फार तर अर्धा तास जातो आणि एक रुपयाचा भाग लागत नाही. तरी ती न करताच चारही कॉइल बदलल्या जातात, याचं खरोखर वाईट वाटतं.

इंजिन चालू ठेवून कॉइल किंवा एचटी वायर उपसून "कुठला सिलिंडर मरतो" हे पाहण्याची जुनी पद्धत इंजेक्शनच्या गाडीवर वापरू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर किंवा थेट ईसीएमवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) येतं. त्याऐवजी पेट्रोलवर असताना इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढूनही इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तोच काम करत नाही.

तिसरी गोष्ट स्कॅनरचे चालू आकडे. इंजिन तापल्यावर कूलंटचं तापमान साधारण ८५ ते ९५ अंशांत राहायला हवं. हायवेला ते ६०-६५ वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढूनच टाकलाय. मराठवाड्यात हे दुसरं कारण फार आढळतं. मे महिन्यात पारा ४२-४४ वर गेला की गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. परिणाम असा की इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, ईसीएम थंड इंजिन समजून जादा पेट्रोल देत राहतो आणि चारही प्लग काजळतात. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा आणि कूलंट दुरुस्त करा. थर्मोस्टॅट जागेवरच हवा.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधनात कायमची किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा, पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळा लिहून घ्या. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर १५-२० टक्के चढलेला असेल तर किटचं ट्यूनिंग बिघडलंय; तिथे प्लग बदलून काही होणार नाही. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. त्यामुळे २०१३ च्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्के वर दिसला तर तो बिघाड समजू नका.

काढताना

प्लग पाहायचे ते इंजिन लोडवर चाललेलं असताना कसे होते ते. म्हणून परभणीहून मानवत किंवा जिंतूरच्या दिशेने १५-२० किलोमीटर एकसारख्या वेगाने गाडी चालवा, बाजूला घ्या आणि आयडलिंगवर न ठेवता लगेच बंद करा. दहा मिनिटं आयडलिंग झालं की चांगल्या प्लगवरही काजळीचा थर बसतो आणि सगळा अंदाज चुकतो. शेवटचे किलोमीटर गॅसवर काढले की पेट्रोलवर, तेही लिहून ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

नंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. अॅल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग फिरवला तर आटे निघून येण्याची भीती असते. कॉइल काढल्यावर आधी प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारा. आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यांचा आणि काळ्या मातीचा फुफाटा त्या खड्ड्यात बोटभर साचलेला असतो. तो झाडल्याशिवाय प्लग काढला तर सगळा सिलिंडरमध्ये पडतो आणि लायनरला ओरखडे पाडतो. पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. प्लग अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा एकदा हवा मारा, मग पूर्ण काढा.

खड्ड्यात ऑइल साचलेलं असेल तर घाबरू नका. ते व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा प्लगच्या नळीच्या सीलमधून वरून आलेलं असतं. रिंगांशी त्याचा संबंध नाही. मात्र ऑइलमुळे कॉइलचं रबरी बूट फुगतं आणि ठिणगी बाहेरून निसटते, म्हणजे मिसिंग यातूनही होऊ शकतं. तुमचा तीन नंबरचा "ओला" प्लग आट्यांच्या वरच्या बाजूला ओला होता की आत इलेक्ट्रोडवर, हे मिस्त्रींना आधी विचारा. वरून ओला असेल तर काम गॅस्केटपुरतं आहे. आणि प्लग बाहेर काढण्याआधी हे ऑइल कापडाने टिपून घ्या, नाहीतर ते आत गळेल आणि मग आत ऑइल सापडलं म्हणून नवाच गोंधळ होईल.

प्लगचा सॉकेट आत रबर असलेला वापरा आणि त्याची लांब दांडी (एक्स्टेन्शन) सरळ रेषेत धरा. बहुतेक प्लगना १६ चा सॉकेट लागतो, बारीक प्लगना १४ चा. कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांना २१ चा. सॉकेट तिरका झाला की वरची चिनीमाती केसाएवढी तडकते. ती भेग डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी तिथून निसटते. काढलेले प्लग पुठ्ठ्याला चार भोकं पाडून, त्यावर नंबर टाकून खोवा आणि उजेडात फोटो घ्या.

प्लगवर काय दिसतं

चांगल्या प्लगची आतली चिनीमाती फिकट तपकिरी किंवा राखाडी असते, इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर स्वतःवरची काजळी स्वतः जाळतं. त्याखाली काजळी साचते, त्याच्या फार वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं. गॅसवर चाललेल्या इंजिनात काजळी जवळपास होत नाही, त्यामुळे प्लग पेट्रोलपेक्षा पांढरट दिसतात. सीएनजी गाडीचा प्लग पांढरट दिसला की "मिश्रण लीन आहे" (हवा जास्त, इंधन कमी) असा निष्कर्ष काढू नका. तुमचे १, २, ४ नंबरचे फिकट राखाडी प्लग गॅसच्या गाडीला शोभणारेच आहेत.

आता ते तपकिरी कडं. धातूच्या षट्कोनाच्या लगेच वर, बाहेरच्या चिनीमातीवर ते दिसतं. उच्च व्होल्टेजमुळे तिथे हवेत तयार होणारं विद्युतक्षेत्र ऑइलचे आणि धुळीचे कण ओढून घेतं आणि ते चिकटून डाग पडतो. प्लगमधून गॅस गळतोय असं वाटतं खरं, पण हा डाग निरुपद्रवी आहे. चांगल्या, नव्यासारख्या प्लगवरही तो येतो.

ज्याची काळजी करायची ती खूण वेगळी आहे. चिनीमातीवर वरच्या टोकापासून खाली षट्कोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी गॅपमध्ये न जाता बाहेरून उतरते आहे. तशीच रेघ कॉइलच्या बुटात आतून शोधा, बहुधा सापडतेच. तेव्हा प्लग आणि बूट दोन्ही बदला. एक जुनं ठेवलं तर ते दुसऱ्या नव्यावर पुन्हा रेघ पाडतं. लोडवर झटके, या तुमच्या तक्रारीशी हा दोष अगदी जुळतो.

ओला प्लग कशाने ओला आहे हे दोन मिनिटांत कळतं. पांढऱ्या कागदावर टोक दाबा. पेट्रोल असेल तर वास येतो आणि डाग उडून जातो. ऑइल असेल तर कागद पारदर्शक होतो आणि डाग तसाच राहतो. पेट्रोलने ओला प्लग बहुतेक वेळा स्वतः आजारी नसतो: ठिणगी पडली नाही, म्हणून आलेलं पेट्रोल जळलं नाही, म्हणून तो भिजला. ओलेपणा हा मिसिंगचा परिणाम आहे, कारण नव्हे. याला अपवाद गळक्या इंजेक्टरचा. त्यात रात्रभर पेट्रोल ठिबकतं आणि सकाळी पहिला स्टार्ट घेताना गाडी थरथरते.

इथेच शेवटचे किलोमीटर कशावर गेले ते महत्त्वाचं ठरतं. प्लग काढण्याआधी गाडी गॅसवर चालत असेल तर ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल असायचं कारणच नाही. मग ओलावा ऑइलचा, किंवा सकाळच्या पेट्रोलवरच्या स्टार्टचा उरलेला. म्हणून तुमच्या तीन नंबरबद्दल दोनदा पाहा: एकदा पेट्रोलवर चालवून, एकदा गॅसवर. गॅसवर चालवूनही आत ऑइल सापडलं तर ते खरोखर आतून येतंय.

आतून येणाऱ्या ऑइलचे दोन रस्ते आहेत. व्हॉल्व्ह स्टेम सील कडक झाले असतील तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट करताच निळ्या धुराचा एक लोट येतो, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर येतो. एरवी धूर दिसत नाही. रिंगा गेल्या असतील तर लोडवर धूर सतत राहतो आणि ऑइल फिलरचं झाकण उघडल्यावर फुसफुस जाणवते. सीलचं काम रिंगांच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि बऱ्याच गाड्यांमध्ये हेड न उतरवताही होतं. दोन्हीत फरक करायला कॉम्प्रेशन टेस्ट लागते, त्याकडे येतोच.

कोरडी, मखमली काजळी, जी बोटाने पुसली जाते, तिचं कारण जादा इंधन किंवा थंड इंजिन. चारही प्लगवर असेल तर थर्मोस्टॅट, कूलंट तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाचा दाब या क्रमाने जा. फक्त गल्लीबोळांत दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीतही ती होते. "एअर फिल्टर चोंदला म्हणून काजळी" हे कार्ब्युरेटरच्या गाडीला लागू होतं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम आलेली हवा मोजून पेट्रोल देतो, त्यामुळे चोंदलेला फिल्टर मुख्यतः ताकद कमी करतो. आपल्या धुळीत खरा धोका फाटक्या फिल्टरचा आहे. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारून तोच कागदी फिल्टर पुन्हा पुन्हा बसवला जातो, कागदाला सूक्ष्म भोकं पडतात, धूळ आत जाते आणि रिंगा लवकर झिजतात. जुनी गाडी घेतली की फिल्टर उजेडासमोर धरून पाहा आणि नवा टाका.

चकचकीत, खडूसारखा पांढरा प्लग, त्यावर बारीक फोड आणि इलेक्ट्रोडच्या कडा वितळलेल्या: हा अति तापला आहे. कारणं लीन मिश्रण, इनटेक मॅनिफोल्डमधली हवेची गळती, जास्त गरम प्रकारचा प्लग, किंवा नीट थंड न होणारं इंजिन. शेवटच्या कारणामागे आपल्या भागात बहुतेकदा बोअरचं पाणी असतं. रेडिएटरमध्ये वर्षभर ते जड पाणी ओतलं की हेडमधल्या पाण्याच्या वाटांत क्षार बसतात आणि प्लगभोवतीची उष्णता बाहेर जात नाही. हातपुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच भरा, पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्याने. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने, गॅसवर, मे महिन्याच्या दुपारी तासन् तास जाणाऱ्या गाडीत ही दुखणी आधी बाहेर पडतात.

एकाच सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा लख्ख आणि बाकीचे तपकिरी असतील तर आनंद मानू नका. हेड गॅस्केटमधून कूलंट त्या सिलिंडरमध्ये जात असेल तर वाफ प्लग स्वच्छ करते. कूलंटची पातळी गुपचूप कमी होणं, टाकीत बुडबुडे, सकाळी पांढरा धूर यांच्याशी ताडून पाहा. प्लगवर बारीक राखाडी-चंदेरी ठिपके असतील तर ते पिस्टनचं वितळलेलं अॅल्युमिनियम आहे. तिथे गाडी चालवणं थांबवा. आतली चिनीमाती फुटलेली असेल तर जोरदार नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) होतंय, किंवा गॅप लावताना मधल्या इलेक्ट्रोडवर जोर दिला गेलाय. तुटलेला तुकडा कुठे गेला हे शोधल्याशिवाय इंजिन फिरवू नका. विटकरी-नारिंगी थर ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांमधल्या लोहाचा किंवा मँगनीजचा असतो. बाटली बंद करा आणि प्लग बदला.

झीज पाहायला फिलर गेज, तोही वायरचा. चपट्या पात्याचा गेज खड्डा पडलेल्या इलेक्ट्रोडवर गॅप कमी दाखवतो. कारखान्यातून १.१ मि.मी. असलेला गॅप १.४-१.५ झाला असेल आणि मधला इलेक्ट्रोड गोल झाला असेल तर प्लग संपला, रंग कितीही सुंदर असो. त्या वाढलेल्या गॅपसाठी कॉइलला प्रत्येक ठिणगीला जादा व्होल्टेज द्यावं लागतं आणि शेवटी कॉइलही जाते. साध्या निकेल प्लगची हद्द बहुतेक गाड्यांत ३० ते ४० हजार किलोमीटर. गॅसवर त्याच्याही आधी. इरिडियमचे ६० हजारांच्या पुढे जातात. मल्टिमीटरने प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंतचा रेझिस्टन्सही मोजा. रेझिस्टर प्लगमध्ये तो साधारण ३ ते ७.५ किलोओहम येतो. काहीच रीडिंग आलं नाही तर आतला रेझिस्टर तुटला आहे. बाहेरून असा प्लग अगदी चांगला दिसतो.

जुन्या गाडीतली एक खास अडचण

विक्रीआधी नवे प्लग टाकण्याची पद्धत आहे. प्लग नवे असतील तर इंजिनबद्दल ते काहीच सांगत नाहीत, आणि मीटरवर ८६ हजार असताना कोरे प्लग दिसले तर जुने कुठे आहेत हे विचारायला लाजू नका. तीन जुने आणि एक नवा असेल तर त्या एका सिलिंडरचा त्रास आधीपासून होता. चार वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लगही निघतात. घेण्यापूर्वी पाहायला मिळालं तर ३००-५०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहण्याची अट घाला. ऑइल खाणारा सिलिंडर तेवढ्यात नव्या प्लगवरही दिसायला लागतो.

प्लगवर छापलेला नंबर हातपुस्तिकेशी जुळवा. आट्यांची लांबी कमी असलेला प्लग बसतो, गाडी चालतेही, पण हेडमधल्या उघड्या आट्यांवर कार्बन साचतो आणि पुढचा योग्य प्लग त्यात अडकतो. लांब प्लग तर पिस्टनला लागू शकतो. हीट रेंजचे (प्लग किती गरम किंवा थंड राहतो त्याचे) आकडे कंपनीनुसार उलट चालतात: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. दुकानदाराने "सहाच्या जागी सहाच दिलाय" म्हणून दुसऱ्या कंपनीचा हातात ठेवला तर घेऊ नका, तक्ता पाहून घ्या.

कॉम्प्रेशन टेस्ट

प्लग काढायचेच आहेत, तर हे करूनच घ्या. इंजिन तापवून घेऊन, हात भाजणार नाही इतकं निवल्यावर चारही प्लग काढा. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला एकाला बसवा आणि सहा-सात ठोके पडेपर्यंत स्टार्टर फिरवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत पाय दाबूनही थ्रॉटल उघडतो का ते आधी बघा. न उघडल्यास सगळे आकडे कमी येतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय मिळतात. एका आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १५ टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर पुढे शोधा.

तीन नंबर कमी आला तर त्याच्या भोकातून एक चमचा, म्हणजे ५ मि.ली. इंजिन ऑइल टाका, दोन-तीन ठोके फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे चढला तर रिंगा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर त्यांच्यामधलं गॅस्केट. गॅसवर बराच काळ चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. ज्या इंजिनात क्लिअरन्स शिम किंवा स्क्रूने लावतात तिथे आधी तो मोजा. तुमच्या गाडीत कॉम्प्रेशन खरंच कमी निघालं तरी मला पहिला संशय याचाच येईल, आणि क्लिअरन्स वेळेत सापडला तर हेड खोलायची वेळ येत नाही.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखं आलं तर रिंगांचा विषय मिटला.

नवे प्लग बसवताना

नवा संच चारचाच घ्या. डुप्लिकेट माल मोंढ्याजवळच्या साध्या दुकानांपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे मिळतो. छपाई बोटाने पुसली जाते का, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यभागी आहे का, वॉशर हलवल्यावर आपोआप निसटतो का, हे पाहा. इरिडियमचं टोक अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. जाड टोकाचा "इरिडियम" घेऊ नका.

बॉक्समधून निघालेल्या प्लगचाही गॅप तपासा. गॅससाठी कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो लावा. दिला नसेल तर पेट्रोलच्या आकड्यापेक्षा ०.१ ते ०.२ मि.मी. कमी ठेवतात. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्याला टेकू लावून जोर दिला की चिनीमाती तडकते, आणि इरिडियमचं टोक तर लगेच तुटतं. जुने प्लग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा बसवू नका: ब्रशचा धातू चिनीमातीवर घासला जातो आणि ठिणगीला नवी वाट मिळते. पॉलिश पेपरने इलेक्ट्रोड चमकवणंही बंद व्हायला हवं.

प्लग आधी हाताने, सॉकेट आणि एक्स्टेन्शन नुसतं बोटांनी फिरवत, शेवटपर्यंत बसवा. मध्येच अडला तर पाना लावायचा नाही. काढून पुन्हा सरळ लावा. आट्यांवर ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, कारण त्याने घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. १४ मि.मी. आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मि.मी.ला १५ ते २०, १० मि.मी.ला १० ते १२. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नवा वॉशरवाला प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून फक्त एक-बारांश फेरा. वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-षोडशांश. सैल राहिलेला प्लग उष्णता हेडला देऊ शकत नाही आणि तापून जातो. जास्त आवळलेला आटे घेऊन निघतो.

तुमच्यासाठी क्रम असा राहील: दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल, तीन नंबरचं बूट आणि चिनीमाती काळ्या रेघेसाठी तपासणं, कागदावर ओलाव्याची परीक्षा, गॅप मोजणं, आणि मग कॉम्प्रेशन. मिस्त्रींना हे सगळं तुमच्यासमोर करायला सांगा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याची मजुरी आनंदाने द्या. नवे प्लग बसवल्यावर कोड पुसा आणि ५०० किलोमीटरनंतर तीन नंबरचा प्लग पुन्हा काढून बाकी तिघांशेजारी ठेवा. तेव्हा तोही फिकट राखाडी असेल तर रिंगांसाठी बाजूला ठेवलेले पैसे कूलंट, फिल्टर आणि गॅस किटच्या ट्यूनिंगवर लावा.